सुरक्षा-वाहनचालक

सुरक्षा-वाहनचालक : अपहरण, लूट किंवा हल्ल्याचा धोका असलेल्या शहरात कामानिमित्त आलेल्या माणसाला सुखरूप नेण्या-आणण्याचे खास प्रशिक्षण घेतलेला चालक. तो अंगरक्षक नव्हे. बहुतेक वेळा त्याच्याजवळ शस्त्रही नसते. कोणत्या रस्त्याने, किती वाजता निघायचे आणि गाडी कुठे उभी करायची हे ठरवणे, हेच त्याचे मुख्य काम. जाहिरातींत गरकन उलटी फिरणारी गाडी हमखास दाखवतात. प्रत्यक्षात तशी गाडी फिरवायची वेळ आली, तर त्याआधीची बरीच कामे राहून गेलेली असतात.

या व्यवसायाला आजचे वळण १९७० च्या दशकात लागले. अमेरिकेत टोनी स्कॉटी यांनी १९७४ मध्ये अशा चालकांसाठी प्रशिक्षणशाळा काढली. मात्र त्याची निकड उद्योगजगताला पटली ती युरोपातल्या दोन घटनांनंतर. ५ सप्टेंबर १९७७ रोजी कलोन येथे पश्चिम जर्मनीतील उद्योजक-संघटनांचे अध्यक्ष हान्स मार्टिन श्लायर घरी परतत असताना रेड आर्मी फॅक्शन या डाव्या दहशतवादी गटाने त्यांच्या वाटेत गाडी आडवी घातली. चालकाने ब्रेक दाबला आणि मागची पोलिसांची गाडी त्यांच्याच गाडीवर आदळली. चालक व तीन पोलीस जागीच मारले गेले. श्लायर यांचे अपहरण झाले आणि पुढे त्यांची हत्या झाली. १६ मार्च १९७८ रोजी रोममध्ये इटलीचे माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांच्याबाबतीत जवळजवळ हेच घडले. त्यांच्याबरोबरचे पाचही जण ठार झाले. त्यांत त्यांची गाडी चालवणाराही होता. दोन्ही गाड्या बुलेटप्रूफ नव्हत्या. मात्र चिलखती गाडी असती म्हणजे सगळे निभावले असते, असेही नाही. डॉइश बँकेचे प्रमुख आल्फ्रेड हेरहाउझेन ३० नोव्हेंबर १९८९ रोजी चिलखती मर्सिडीजमध्येच, रस्त्याकडेला पेरलेल्या बॉम्बने मारले गेले.

तिन्ही हल्ले घराजवळ किंवा घरून निघाल्यावर थोड्याच अंतरावर झाले. मधला प्रवास दहा वाटांनी करता येतो, पण घराच्या आणि कचेरीच्या दारापाशी वाट एकच उरते. म्हणून पाळत ठेवणारे तिथेच टपून बसतात आणि चांगला चालकही सर्वांत जास्त लक्ष तिथेच देतो. कालची मोटारसायकल आज पुन्हा त्याच कोपऱ्यावर दिसली का, दुरुस्तीची गाडी तीन दिवस एकाच जागी का उभी आहे, अशा बारीक गोष्टी त्याच्या ध्यानात राहतात. सिग्नलला थांबताना पुढच्या गाडीची मागची चाके रस्त्याला टेकलेली दिसतील एवढे अंतर तो सोडतो. तेवढ्या जागेतून मागे न घेता गाडी बाजूला काढता येते. वेगात उलटी गाडी चालवणे, आडव्या गाडीला मागच्या चाकापाशी धडकून वाट करणे, रक्तस्राव थांबवणे हेही शिकवले जाते. फ्रान्समध्ये २२ ऑगस्ट १९६२ रोजी अध्यक्ष द गॉल यांच्यावर गोळीबार झाला, तेव्हा टायर फुटलेली सित्रोएन चालकाने थांबू दिली नाही म्हणून ते वाचले. असे प्रसंग क्वचितच येतात. साधा रस्ता-अपघात हाच प्रवाशाला सर्वाधिक संभवणारा धोका आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ११.९ लाख माणसे रस्त्यांवर मेली. ताशी ठरावीक वेगाच्या वर न जाणारा, पुरेशी झोप झालेला चालक मिळणे ही या सेवेतली पहिली आणि सर्वांत मोठी सुरक्षितता होय.

ब्राझीलमधील साओ पावलो हे या सेवेचे ठळक उदाहरण. ग्वारूल्योस विमानतळापासून शहराचे केंद्र सुमारे २५ किमी आहे आणि वाटेत तिएते नदीकाठच्या महामार्गावर वाहने तासन् तास तुंबतात. अशा कोंडीत मोटारसायकलवरून येऊन लुटणारे असतात. त्याहून गंभीर प्रकार म्हणजे ‘सेक्वेस्त्रो रेलांपागो’: माणसाला काही तास गाडीत कोंडून त्याच्या खात्यातले पैसे काढून घ्यायचे. २००९ मध्ये दंडसंहितेत दुरुस्ती करून त्यासाठी वेगळी शिक्षा ठेवण्यात आली. नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्या यूपीआयसारखी ‘पिक्स’ ही व्यवस्था सुरू झाल्यावर लुटारूंना एटीएमपर्यंत जाण्याचीही गरज उरली नाही. अखेर ऑक्टोबर २०२१ पासून मध्यवर्ती बँकेने रात्री ८ ते सकाळी ६ या वेळेत व्यक्तींनी पाठवायच्या पैशांवर सर्वसाधारणपणे १,००० रेआलची मर्यादा घातली. म्हणूनच तिथला जाणता चालक परदेशी पाहुण्याला रोजच्या वापराचे बँक-अ‍ॅप असलेला फोन खोलीतच ठेवायला सुचवतो.

या शहरात चिलखती गाड्या भरपूर आहेत आणि त्यांचे नियमन लष्कराकडे आहे. सामान्य नागरिकांकडच्या बहुतेक गाड्यांची श्रेणी ‘तीन-ए’ असते. ती पिस्तुलाची गोळी थोपवते, रायफलची नाही. वजन वाढल्याने ब्रेक लागायला अंतर जास्त लागते, आणि जाड काचेचे थर उन्हाने सुटू लागले की कडांना बुडबुडे दिसतात. भाड्याची गाडी आली की ते आधी पाहावेत. शिवाय १९९७ पासून तिथे नंबरप्लेटच्या शेवटच्या अंकानुसार गर्दीच्या वेळी गाड्यांना बंदी असते. हे ध्यानात न घेता एकच गाडी आठवडाभरासाठी ठरवली, तर एका दिवशी सकाळ-संध्याकाळ ती दारातच उभी राहते.

चालक ठरवताना गाडीपेक्षा माणसाची पारख महत्त्वाची. विमानतळावर कंपनीचे नाव लिहिलेली पाटी धरायची नाही. चालकाचा फोटो, गाडीचा नंबर आणि ओळखीचा एक शब्द आधी कळवायचा, ही आता रूढ पद्धत आहे. चालकाची पार्श्वभूमी तपासली नाही तर काय होते, हे महाराष्ट्राने फार मोठी किंमत मोजून पाहिले आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीवर, कंपनीने ठरवलेल्या कॅबच्या चालकाने व त्याच्या साथीदाराने बलात्कार करून तिची हत्या केली. त्यानंतर चालकांची पोलीस-पडताळणी आणि रात्रीच्या गाडीत रक्षक या गोष्टींवर भर वाढला.

कर्मचाऱ्यांच्या प्रवासातील जोखमींसाठी २०२१ मध्ये ‘आयएसओ ३१०३०’ हे मार्गदर्शक मानक आले. भारतात सुरक्षा-चालकासाठी वेगळा परवाना नाही. खासगी सुरक्षा संस्था (विनियमन) अधिनियम, २००५ मधील ‘खासगी सुरक्षा’ या शब्दाच्या व्याख्येत मात्र चिलखती गाडीची सेवा धरली आहे.

चालकाच्या स्वतःच्या जिवाचा विचार या व्यवस्थेत अजून तोकडाच आहे. कराचीत १२ नोव्हेंबर १९९७ रोजी एका तेल कंपनीचे चार अमेरिकी कर्मचारी गोळीबारात मारले गेले, तेव्हा त्यांचा पाकिस्तानी चालकही त्यांच्याबरोबर मेला. पाहुणा चार दिवसांनी परत जातो; चालक मात्र त्याच शहरात राहतो आणि त्याचे घर, त्याची मुले कुठे आहेत हे धमकावणाऱ्याला शोधता येते. कंपनीच्या अपहरण-विम्यात भाड्याने घेतलेला चालक आपोआप धरला जातोच असे नाही. त्यामुळे करारात त्याचे कामाचे तास, त्याचा विमा आणि जोखीम दिसल्यास फेरी नाकारण्याचा त्याचा अधिकार या तिन्ही गोष्टी स्पष्ट लिहून घेणे आवश्यक आहे.