पॅटिओ हीटर : व्यावसायिक व सामायिक निवासी जागांसाठी निवड

उपाहारगृहाचे अंगण, हॉटेलची गच्ची, गृहसंकुलातील सामायिक बैठक अशा उघड्या किंवा अर्धवट उघड्या जागी बसलेल्या माणसांना थंडीत ऊब देणाऱ्या उपकरणास पॅटिओ हीटर म्हणतात. खोलीतला हीटर चार भिंतींमधली हवा तापवतो आणि ती हवा तिथेच कोंडलेली राहते, त्यामुळे खर्च केलेली उष्णता कामी येते. उघड्यावर मात्र तापलेली हवा हलकी होऊन वर निघून जाते किंवा वाऱ्याच्या पहिल्याच झुळुकीबरोबर नाहीशी होते. म्हणून या हीटरचा खरा उपयोग प्रारणावर अवलंबून असतो. त्यातून निघणारे अवरक्त किरण वाटेतली हवा फारशी न तापवता माणसाच्या त्वचेवर, कपड्यांवर आणि फरशीवर पडतात व तिथे उष्णतेत रूपांतरित होतात. जागेचे क्षेत्रफळ किती यापेक्षा माणसे नेमकी कुठे आणि किती वेळ बसतात हा प्रश्न खरेदीआधी विचारावा लागतो तो याच कारणाने.

त्याहूनही आधी वाऱ्याचा विचार करायला हवा. वारा शरीराची उष्णता सतत काढून नेतो आणि हीटरचा तापलेला पृष्ठभागही थंड करतो; म्हणजे नुकसान दुहेरी होते. वाऱ्याच्या बाजूला काचेचा आडोसा, दाट झुडपांची रांग किंवा जाड पडदा उभारल्यास पुष्कळदा कमी क्षमतेचे हीटर पुरतात. आडोसा न करता हीटरची संख्या वाढवत जाणे हा सर्वांत महागडा मार्ग आहे. आडोसा करताना मात्र गॅसचे हीटर वापरायचे असतील तर जागा बंदिस्त होणार नाही, हे कटाक्षाने पाहावे लागते.

गॅसवर चालणाऱ्या हीटरांत छत्रीच्या आकाराचा, सुमारे सव्वादोन मीटर उंचीचा हीटर सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्या बुडाशी सिलिंडर, वर बर्नर व त्याभोवती तापून लाल होणारी जाळी असते आणि डोक्यावरचा पत्रा किरणांना खाली वळवतो. त्याची क्षमता बहुधा १० ते १४ किलोवॉट असते. एक किलो प्रोपेन जळाल्यावर साधारण १३ किलोवॉट-तास ऊर्जा मिळते, म्हणजे पूर्ण क्षमतेने चालणारा असा हीटर तासाला सुमारे एक किलो गॅस जाळतो आणि सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. या ऊर्जेचा मोठा वाटा गरम वायूंबरोबर वर निघून जातो आणि शांत हवेतही ऊब दोन-तीन मीटरपलीकडे फारशी पोचत नाही. वायरिंग लागत नाही व जागा बदलता येते, हे त्याचे मोठे सोयीचे अंग आहे. कडक थंडीत मात्र इंधनाचा प्रकार महत्त्वाचा ठरतो. ब्युटेन उणे ०.५ अंश सेल्सिअसला उकळते, त्यामुळे गोठणबिंदूच्या आसपास सिलिंडरमध्ये पुरेसा दाब राहत नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होत राहते. तरीही गॅस वेगाने ओढला जात असताना सिलिंडर स्वतःच गार पडतो, बाहेरून त्यावर हिमाचा पांढरा थर दिसू लागतो आणि ज्योत मंदावते. अशा वेळी सिलिंडरला उष्णता देण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

द्रवरूप पेट्रोलियम वायू, म्हणजे सिलिंडरमधला हाच प्रोपेन किंवा ब्युटेन, हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो उडून न जाता तळघरात, गटारात किंवा खोलगट कोपऱ्यात साठतो, म्हणून अशा ठिकाणी सिलिंडर ठेवू नयेत. दुसरा धोका कार्बन मोनॉक्साइडचा आहे. या वायूला रंग नाही, वास नाही. चारही बाजूंनी पडदे सोडलेल्या मांडवात गॅस हीटर लावणे जीवघेणे ठरू शकते. ईएन १४५४३ हे युरोपीय मानक छत्रीच्या आकाराचे गॅस हीटर केवळ उघड्यावर किंवा भरपूर वायुवीजन असलेल्या जागेत वापरण्यासाठी आहेत असे मानते, आणि अशा जागेच्या भिंतींच्या एकूण पृष्ठभागापैकी किमान २५ टक्के भाग खुला असावा अशी अपेक्षा धरते. ज्योत विझताच गॅस बंद करणारी झडप आणि हीटर कलंडताच तो बंद करणारा स्विच या दोन सोयी नसलेला हीटर सार्वजनिक वापरासाठी घेऊच नये.

विजेच्या हीटरांतील फरक मुख्यतः तरंगलांबीचा आहे. वस्तू जितकी जास्त तापलेली, तितकी तिच्या प्रारणाची तरंगलांबी कमी, हा भौतिकशास्त्रज्ञ वीन यांचा नियम इथे थेट लागू पडतो. क्वार्ट्झच्या नळीतील टंगस्टनची तार २००० अंशांच्या पुढे तापते आणि लघुतरंगी किरण देते. ती काही सेकंदांत पूर्ण ऊब देते व वाऱ्यातही टिकाव धरते, परंतु तिचा लालसर नारिंगी उजेड डोळ्यांना खुपतो. काहीशे अंशांपर्यंतच तापणारे धातूचे वा सिरॅमिकचे पॅनेल दीर्घतरंगी किरण देते. त्यात झगमगाट नसतो, पण तापायला काही मिनिटे लागतात आणि उघड्या पृष्ठभागाची बरीच उष्णता वारा ओढून नेतो. त्यामुळे तीन बाजूंनी आडोसा असलेल्या व छप्पर असलेल्या व्हरांड्यासाठी पॅनेल, तर मोकळ्या गच्चीसाठी लघुतरंगी नळी, अशी विभागणी सामान्यतः योग्य ठरते. पावसाचे शिंतोडे येणाऱ्या जागी किमान आयपीएक्स४ (आयपी हा धूळ व पाण्यापासूनच्या संरक्षणाचा दर्जा दाखवणारा संकेत आहे), तर धूळ आणि पाण्याचे फवारे असतील तिथे आयपी५५ किंवा त्यावरील संरक्षण असलेले उपकरण निवडावे.

हीटर कुठे टांगावा याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. डोक्याच्या बरोबर वर लावलेला हीटर टाळू तापवतो आणि पाय गारच राहतात. बंदिस्त जागांतील औष्णिक सुखाविषयीचे आयएसओ ७७३० हे मानक या अनुभवाला आकडा देते: छताकडून येणाऱ्या प्रारणात ५ अंशांहून अधिक विषमता, म्हणजे शरीराच्या दोन विरुद्ध बाजूंना जाणवणाऱ्या प्रारण-तापमानातला फरक, माणसाला त्रासदायक वाटू लागते, तर भिंतीकडून येणाऱ्या प्रारणात हीच मर्यादा २३ अंश मानली जाते. उघड्यावर हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण बाजूने येणारी ऊब सुसह्य असते हे त्यांतून स्पष्ट होते. म्हणून हीटर बैठकीच्या दोन बाजूंना, हात न पोचेल इतक्या उंचीवर आणि किरण बसलेल्यांच्या धडावर तिरपे पडतील असे लावावेत. कापडी छत, छत्र्या, वेली यांपासूनचे अंतर उत्पादकाने दिलेल्या मापापेक्षा कमी ठेवू नये.

विजेचा भार आधीच मोजावा लागतो. प्रत्येकी दोन किलोवॉटचे सहा हीटर २३० व्होल्टच्या एकाच फेजवर टाकले तर सुमारे ५२ अँपिअर प्रवाह लागतो. तेच तीन फेजांत वाटल्यास प्रत्येक फेजवर १७ अँपिअर येतात. जुन्या इमारतीत हे गणित न करता केलेली खरेदी वायरिंगच्या खर्चात बुडते.

सामायिक निवासी जागेत प्रश्न वेगळे असतात. उपाहारगृहात हीटर पेटवणारा, हलवणारा आणि रात्री बंद करणारा कर्मचारी असतो. गृहसंकुलात अशी जबाबदारी कोणा एकाची नसते. मुले धावत असतात, वरच्या मजल्यांच्या गॅलऱ्या जवळ असतात, सिलिंडर लिफ्टमधून नेले जातात आणि बिल सर्वांच्या वर्गणीतून भरले जाते. अशा ठिकाणी भिंतीवर पक्के बसवलेले विजेचे हीटरच योग्य होत. त्यांना पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप बंद होणारे बटण व स्वतंत्र मीटर जोडावे, म्हणजे रिकाम्या बाकांवर ऊब सांडत नाही आणि खर्चावरून वादही होत नाहीत. सुटका मार्गावर कोणताही उभा हीटर ठेवू नये.

ऊर्जेच्या नासाडीमुळे काही ठिकाणी या उपकरणांवर कायद्याने बंधने आली आहेत. फ्रान्समधील रेन शहराने १ जानेवारी २०२० पासून उपाहारगृहांच्या उघड्या बैठकीतील हीटरांना मनाई केली, आणि ३१ मार्च २०२२ पासून संपूर्ण फ्रान्समध्ये सार्वजनिक जागेत उघड्यावर असे तापन करण्यास बंदी आहे. खरेदीपूर्वी स्थानिक नियम आणि इमारतीच्या विम्याच्या अटी तपासणे त्यामुळे आवश्यक ठरते.

समुद्राजवळ साध्या पोलादाला लवकर गंज चढतो. तिथे ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील ३०४ प्रतीपेक्षा अधिक टिकते. गॅसचे हीटर उन्हाळाभर झाकून ठेवल्यावर बर्नरच्या नळीत कोळी जाळी विणतात, हवेचे मिश्रण बिघडते आणि निळी ज्योत पिवळी होऊन काजळी धरू लागते. अशी ज्योत दिसताच हीटर बंद करून नळी साफ करून घ्यावी, कारण अपुऱ्या ज्वलनातूनच कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.