पार्श्वभूमी : जुन्या ट्रकचं वर्कशॉप मॅन्युअल का सापडत नाही

१९४४ साली छापलेलं लष्करी जीपचं मॅन्युअल आज कुणालाही फुकट मिळतं. टीएम ९-८०३ हा त्याचा क्रमांक. पण त्यानंतर वीसेक वर्षांनी कुर्ल्यात तयार झालेल्या फार्गो ट्रकचं मॅन्युअल शोधायला निघालात, तर ते कुर्ल्यातही हाती लागत नाही. कारण साधं आहे. जीपचं पुस्तक अमेरिकेच्या युद्धखात्याने काढलं. तिथल्या कायद्यानुसार केंद्र सरकारच्या प्रकाशनांवर स्वामित्वहक्क नसतो, म्हणून ज्याच्याकडे प्रत होती त्याने ती स्कॅन करून सगळ्यांसाठी खुली केली. फार्गोचं पुस्तक कंपनीचं होतं. ते डीलरच्या वर्कशॉपसाठी आणि मोठ्या ताफ्यांच्या डेपोंसाठी असायचं. गाडीच्या मालकाला मिळायची ती तेल-पाण्याची माहिती देणारी पातळ पुस्तिका. पुढे कारखाना बंद झाला, डीलर उठले आणि कपाटातला कागद रद्दीत गेला.

पण हरवलेल्या प्रती ही अर्धीच गोष्ट. पुस्तक सापडलं तरी ते समोरच्या ट्रकशी जुळत नाही, आणि त्याची मुळं मुंबईतल्या वाहनउद्योगाच्या इतिहासात आहेत.

मुंबईत गाड्या आधी जोडल्या गेल्या, बनू लागल्या नंतर. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जोडणीचा कारखाना काढला. बंदरात सुट्या भागांची खोकी उतरायची आणि जवळच शेव्हरोले उभी राहायची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि डॉज आणि फार्गो बनवणाऱ्या अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने १९४७ पासून कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्याच वर्षी महिंद्रने मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली. या काळातल्या गाडीला अमेरिकेतलं त्या सालचं पुस्तक जवळजवळ जसंच्या तसं लागू पडतं, कारण आतला प्रत्येक बोल्ट तिकडूनच आलेला. फार्गोवाल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : डॉज आणि फार्गो हे एकाच घरचे ट्रक, नावाची पट्टी तेवढी वेगळी. फार्गोचं पुस्तक मिळत नसेल तर त्याच सालाचं डॉजचं शोधावं.

खरा फरक पडला १९५३ नंतर. टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारचं धोरण स्पष्ट झालं : ज्यांना टप्प्याटप्प्याने इथेच उत्पादन करायचं आहे त्यांनी राहावं, नुसती जोडणी करणाऱ्यांनी आवरतं घ्यावं. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद केला, फोर्डही गेली. जे राहिले त्यांच्या गाडीतला एकेक परदेशी भाग देशी होत गेला. मूळ अमेरिकी पुस्तकात ऑटोलाइटचा डायनॅमो दिसतो, पण हातातल्या ट्रकवर लुकास-टीव्हीएसचा असू शकतो. ती कंपनीच १९६१ ची. पेट्रोल इंजिनाच्या जागी पर्किन्सचं पी ६ डिझेल बसलं, तर इंजिनाचा अख्खा विभाग निकामी ठरतो. अशा ट्रकला दोन पुस्तकं लागतात : चासी, गिअरबॉक्स आणि ब्रेकसाठी डॉजचं, इंजिनासाठी पर्किन्सचं. हे आधी कुणी सांगत नाही, आणि लोक एकाच पुस्तकासाठी वर्षानुवर्षं हिंडतात याचं मला फार वाईट वाटतं.

सालाचा घोळ तर गाडीला इजाच करतो. क्रायस्लरच्या गाड्या १९५६ च्या सुमारास ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर आल्या, आणि त्याबरोबर अर्थिंगही, म्हणजे चासीला जोडायचं बॅटरीचं टोक, पॉझिटिव्हवरून निगेटिव्हवर गेलं. जुन्या सालाचा वायरिंगचा नकाशा पुढच्या सालच्या ट्रकवर उतरवला की बॅटरी उलटी जोडली जाण्याची भीती असते.

टाटांची कहाणी वेगळी आणि शोधणाऱ्याला थोडी सोपी. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९५४ मध्ये डायम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक बनू लागले. एल ३१२ हे सुरुवातीचं मॉडेल, त्यात ओएम ३१२ हे सहा सिलिंडरचं, साधारण ४.६ लिटरचं डिझेल इंजिन. करार १९६९ मध्ये संपला, नाकावरचा तारा गेला आणि तिथे टाटांचं ‘टी’ आलं. पण लोखंड रातोरात बदलत नसतं. म्हणून त्या काळातल्या टाटाच्या इंजिनासाठी जर्मन पुस्तकाची इंग्रजी आवृत्ती अजूनही उपयोगी पडते. मापं मेट्रिक, म्हणजे बोल्ट फिरवायचे पाने मिलिमीटरचे. डॉजला मात्र इंची पाना लागतो, आणि आपले मिस्त्री तिथे अजूनही सुतात बोलतात : एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

बॉडीचं पुस्तक शोधू नये, ते नव्हतंच. आपल्याकडे ट्रक बहुधा चासी आणि काउल (केबिनच्या पुढचा, इंजिनामागचा पत्रा) एवढाच विकला जायचा. केबिन, फाळके, दारं, मागच्या दिव्यांची वायरिंग हे सगळं बॉडी बांधणाऱ्या सुतार-लोहारांचं काम. ज्ञान उस्तादाकडून पोऱ्याकडे हातोहात जायचं आणि पुस्तक इंग्रजीत असल्यामुळे गॅरेजमध्ये त्याची आकृती तेवढी पाहिली जायची. त्या मिस्त्रींचा हात कमी प्रतीचा होता असं मुळीच नाही. त्यांनी अंदाजाने लावलेली टॅपेटं (इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या फटी) मी ऐकली आहेत, घड्याळासारखी चालतात. पण हात निवृत्त झाला की ते ज्ञान कुठे नोंदलेलं राहत नाही.

मुंबईत कागद अजून निघतो. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या जुन्या दुकानांत काउंटरखाली पार्ट कॅटलॉग असतात. ते बहुतेक विकत देत नाहीत, पाहू देतात. चोर बाजारातली मटण स्ट्रीट, फोर्टातले आणि माटुंग्याच्या किंग्ज सर्कलचे जुन्या पुस्तकांचे विक्रेते, आणि रद्दीवाल्याकडे गेलेली तांत्रिक संस्थांची ग्रंथालयं या जागा सोडू नयेत. माझं मत असं की आधी कॅटलॉग मिळाला तर तोच घ्यावा. त्यातल्या सुट्या भागांच्या चित्रांवरून कोणत्या वॉशरनंतर कोणतं बेअरिंग ते कळतं. आवळणीचे आकडे आणि फटींची मापं मात्र त्यात नसतात, त्यासाठी वर्कशॉप मॅन्युअलच हवं.

झेरॉक्सची झेरॉक्स मिळाली तर आकडे तपासावेत. ३ आणि ८ एकमेकांत मिसळतात. पानावर दोन्ही एककं असतील तर पडताळा सोपा : एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे ७.२३ पाउंड-फूट. हेडबोल्टचा एक चुकीचा आकडा गॅस्केट घेऊन जातो.

अलीकडे या पुस्तकांची मागणी वाढली आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, व्यावसायिक वापरात नसलेल्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली, पण गाडी मूळ स्वरूपात हवी. मूळ स्वरूप कसं होतं हे दाखवायला कारखान्याच्या कागदाइतका भक्कम आधार नाही.

शोध सुरू करण्यापूर्वी तीन पट्ट्या स्वच्छ पुसून त्यांचे फोटो काढावेत : चासीची, इंजिनाची आणि फ्युएल पंपाची. बॉनेटवरचं नाव विसरावं. पंपाची पट्टी बहुतेक जण पाहतच नाहीत. मायकोच्या (बॉशच्या भारतातल्या कंपनीच्या) पंपावर पीईएस ६ ए अशी अक्षरं असतील, तर तो स्वतःचा कॅमशाफ्ट असलेला, फ्लँजने बसणारा, सहा सिलिंडरचा, ‘ए’ आकाराचा पंप. तो पूर्ण क्रमांक घेऊन कॅलिब्रेशन करणाऱ्या, म्हणजे पंपातून किती डिझेल जातं ते तपासून जुळवणाऱ्या, जुन्या पंपवाल्याकडे जावं. त्याच्या टेस्ट बेंचजवळच्या फायलीत त्या क्रमांकाचा तक्ता असला, तर पंप कोणत्या इंजिनासाठी होता हे कळतं आणि कोणतं मॅन्युअल मागायचं हेही ठरतं.