रोटबूखे की हाइनबूखे? आधी खड्डा खणा
जर्मनीत घर घेतलेल्या मराठी मंडळींचा ठरलेला प्रश्न: "कुंपणाला बूखे लावतोय, कुठली घेऊ?" त्यावर ठरलेलं उत्तर: "कुठलीही घे, सारख्याच असतात." नसतात हो! बूखे म्हणजे जर्मनमध्ये बीचचं झाड. रोटबूखे म्हणजे खरा युरोपीय बीच. हाइनबूखे नावापुरती बूखे. ती बर्चच्या कुळातली, इंग्लंडात तिला हॉर्नबीम म्हणतात. आणि 'रोट' म्हणजे लाल, तर पानं लाल असतील, हेही डोक्यातून काढा. लालसर असतं ते लाकूड. लाल पानांची ती ब्लूटबूखे, बीचचाच प्रकार.

ओळखणं सोपं आहे. बीचच्या पानाची कड गुळगुळीत, जराशी लहरी. हॉर्नबीमची करवतीसारखी दातेरी. हिवाळ्यात कळ्या बघा: बीचच्या लांब, टोकदार, फांदीपासून सुटलेल्या, हॉर्नबीमच्या फांदीला चिकटलेल्या. झालं.

खरी मेख जमिनीत आहे, आणि तीच कुणी विचारत नाही. बीचची मुळं फार खोल जात नाहीत आणि त्यांना हवा लागते. चिकणमातीत हिवाळाभर पाणी तुंबलं की ती कुजतात. उन्हाळ्यात तीच माती तडकते, तेव्हा उरलेल्या वरवरच्या मुळांना पाणी मिळत नाही. म्हणजे दोन्हीकडून मार. हॉर्नबीम अशा भारी, ओलसर मातीत तग धरते. नव्या घरांच्या प्लॉटवर तर यंत्रांनी जमीन चेपून टाकलेली असते. वर पसरलेल्या चार बोटं काळ्या मातीवर भुलू नका. हातभर खोल खड्डा खणा, संध्याकाळी बादलीभर पाणी ओता. सकाळी पाणी दिसलं तर मुकाट्याने हाइनबूखे.

मी हे केलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी उताराकडच्या कोपऱ्यातली सहा रोपं पिवळी पडली. उपटली तर मुळं काळी, वास गटाराचा.

"पण बीचची पानं हिवाळ्यात टिकतात ना!" टिकतात. छाटलेल्या बीचची तांबूस सुकी पानं वसंतापर्यंत झाडावर असतात, आणि निचरा चांगला असेल तर मीही बीचच लावीन. हॉर्नबीमवर पानं कमी उरतात, तीही मळकट. फक्त कात्री विसरू नका: स्कॉटलंडात मायकलूरला 1745 साली लावलेलं बीचचं कुंपण आज तीस मीटर उंच आहे.

त्या कोपऱ्यात आता हॉर्नबीम आहे. जानेवारीत कुंपण अर्धं तांबूस, अर्धं टकलं दिसतं. असू दे.