पित्ताचं दुखणं की पँक्रियाजचं? जागा एकच, पण रात्र वेगळी

बेंबी आणि छाती यांच्या मधल्या खड्ड्यात दुखायला लागलं की आपल्याकडे घरातलं प्रत्येक माणूस डॉक्टर होतं आणि सगळ्यांचं निदान एकच, पित्त झालंय. काल काय खाल्लंस, उपाशी राहिलीस का, जागरण झालं का, मग थंड दूध, आमसुलाचं पाणी, इनो, जेलुसिल आणि सकाळी अनशापोटी पॅन फोर्टी. बहुतेक वेळा ते बरोबरही निघतं, तीच तर पंचाईत आहे. कारण क्रॉनिक पँक्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाची (पँक्रियाजची) जुनी, मुरलेली सूज, हिचं दुखणंही तिथेच सुरू होतं, तेलकट खाल्लं की वाढतं, मळमळ आणतं, रात्री झोप मोडतं, आणि पित्ताच्या नावाखाली वर्षानुवर्षं खपून जातं. मी हे दुखणं घेऊन जगतेय आणि त्याआधी बरीच वर्षं पित्ताच्याच गोळ्या खाल्ल्यात, त्यामुळे दोन्हींशी ओळख चांगली आहे.

पहिली गोष्ट, कुठे दुखतं यावरून ठरवायला जाऊ नका, फसाल. ते दुखणं कशाला ऐकतं आणि कशाने चवताळतं, तिकडे लक्ष द्या.

आधी पित्त. आपण ज्याला सरसकट पित्त म्हणतो त्यात निदान दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे जठरातलं अ‍ॅसिड वर अन्ननलिकेत चढणं. यात जळजळ छातीकडे सरकते, घशाशी आंबट येतं, फरशी पुसायला वाकलं किंवा जेवून लगेच आडवं झालं की वाढतं, उठून बसलं, डाव्या कुशीवर वळलं किंवा पलंगाची डोक्याकडची बाजू उंच केली की उतरतं. दुसरी म्हणजे अल्सर. लहान आतड्याच्या सुरुवातीला जखम असेल तर पोट रिकामं झाल्यावर दुखतं, रात्री एक-दोनला जाग येते, आणि दोन बिस्किटं नि अर्धा कप दूध पोटात गेलं की माणूस परत झोपतो. (जखम जठरात असेल तर उलट खाल्ल्यावर दुखू शकतं.) यातले पुष्कळ अल्सर हेलिकोबॅक्टर नावाच्या जंतूमुळे होतात, तो शोधणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांना २००५ चं नोबेल मिळालं, आणि आता अँटिबायोटिकचा एक कोर्स घेऊन तो जंतू घालवता येतो. म्हणजे पित्ताचं दुखणं कितीही छळणारं असलं तरी ते बऱ्यापैकी ऐकणारं दुखणं आहे, गोळी दिली, दूध दिलं, उठून बसवलं की शांत होतं.

पँक्रियाज ऐकत नाही. ही साधारण पंधरा सेंटिमीटरची ग्रंथी जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला जवळजवळ टेकून आडवी पडलेली असते. त्यामुळे दुखणं पोटात सुरू होतं पण तिथे थांबत नाही, पट्ट्यासारखं बाजूने फिरतं नाहीतर सरळ आरपार पाठीत जातं. माझं नेमकं ब्लाउजच्या हुकांच्या रेषेत निघतं, थोडं डावीकडे. जळजळ नसते ती, आतून कुणी सावकाश गिरमिट फिरवतंय असं वाटतं. उताणं झोपलं की सगळ्यात वाईट. गुडघे पोटाशी घेऊन, उशी पोटाशी दाबून पुढे वाकून बसलं की थोडी धार कमी होते, थोडीच, पण होते. इथेच दोघांमधला मला सगळ्यात कामाचा वाटलेला फरक आहे बघा: पुढे वाकलं की छातीतली जळजळ वाढते आणि पँक्रियाजचं दुखणं जरा सैल होतं. अर्थात यावरून कुणी घरच्या घरी निदान करू नये, कारण जठराच्या किंवा आतड्याच्या मागच्या भिंतीतला खोल अल्सर पँक्रियाजपर्यंत पोचला तर तोही पाठीत दुखतो. पण गोळ्यांनी न जाणारं, पाठीत निघणारं आणि वाकल्यावर हलकं होणारं दुखणं असेल तर पित्त पित्त करत बसण्यात अर्थ नाही.

दुधाचं तर विचारूच नका. अल्सरवाल्याला रात्री आराम देणारं तेच सायीचं दूध मला तासाभरात गुडघे पोटाशी घ्यायला लावतं. कारण स्निग्ध पदार्थ आतड्यात उतरला की पँक्रियाजला रस सोडायचा निरोप जातो, आणि ज्या नळीतून तो रस जायचा ती खड्यांनी किंवा जखमेच्या वणांनी अरुंद झालेली असली की आत दाब वाढतो. मग माणूस खायलाच घाबरतो. दोन पोळ्यांची एक होते, एकीची अर्धी, भाजीवरचा तेलाचा तवंग चमच्याने बाजूला काढणं सुरू होतं, आणि नातेवाईक म्हणतात वा, बारीक झालीस, डाएट का? नुसत्या पित्ताने असं वजन सहसा उतरत नाही, उतरायला लागलं तर तपासायलाच हवं.

आता रात्र. लोकांना वाटतं दिवसभराचं दुखणं तेच रात्री चालू राहतं, पण तसं नसतं. दिवसा माझं दुखणं मागे कुठेतरी चालू असतं, फ्रिजच्या खोलीत बसलं की त्याची घरघर कानांना सवयीची होते तसं. ऑफिस, स्वयंपाक, फोन, सगळं त्याच्यासकट होतं. रात्री मात्र आपल्याकडे जेवणच साडेनऊला, तेच दिवसातलं मोठं जेवण, त्यानंतर आडवं होणं म्हणजे ज्या पोझिशनमध्ये सगळ्यात जास्त दुखतं नेमकी तीच, आणि लक्ष दुसरीकडे न्यायला काही नाही. एक-दीडला जाग आली की मी हॉलमध्ये येऊन जमिनीवर बसते, पुढ्यात स्टूल, स्टुलावर उशी, उशीवर डोकं. तशीच डुलकी लागते. सकाळी मान अवघडलेली असते पण निदान दोन तास झोप झालेली असते. आता रात्रीचं जेवण साताच्या आत आणि अगदी थोडं, मुगाची खिचडी, तूप न घालता, आणि मोठं जेवण दुपारी. यामुळे रात्री पूर्ण शांत होत नाहीत, पण बऱ्या जातात.

अजून एक घोटाळा रात्रीच होतो. पँक्रियाज इन्शुलिनही बनवतं, त्यामुळे हा आजार जुना झाला की बऱ्याच जणांना मधुमेह होतो, आणि तो नेहमीच्या टाइप टू सारखा नसतो, कारण साखर वाढवणारं ग्लुकागॉनही कमी पडतं. त्यामुळे इन्शुलिन घेणाऱ्याची साखर रात्री एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, पोटात कसंतरी, आणि घरचे म्हणतात पित्त उसळलं, इनो दे. अशा वेळी आधी ग्लुकोमीटर.

आणि पँक्रियाजचं रोजचं दुखणं वेगळं, त्याचा अटॅक वेगळा. अटॅकमध्ये पाण्याचा घोटही टिकत नाही, उलटी होऊनही बरं वाटत नाही (पित्तात उलटी झाली की बहुतेकांना मोकळं वाटतं), आणि सलाइन लावून अ‍ॅडमिट व्हावं लागतं. काहींना नुसते अटॅक येतात आणि मध्ये महिनेच्या महिने काही नसतं, काहींना रोजच बारीक चालू असतं आणि त्यावर अधूनमधून अटॅक. दोन्ही तऱ्हा डॉक्टरांना माहीत असलेल्या आहेत, त्यामुळे मधले दिवस चांगले गेले म्हणजे आपण नाटक करत होतो असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. शिवाय या आजारात दुखणं फक्त खड्यांमुळे नसतं. तिथल्या नसा जाड आणि हळव्या होतात, पुढे पाठीचा कणा नि मेंदूही तो सिग्नल मोठा करून ऐकायला लागतात, म्हणून खडे काढल्यावरही काहींचं दुखणं उरतं आणि म्हणून नसांवर काम करणारं प्रीगॅबलिन दिलं जातं.

रिपोर्टचा भाग थोडक्यात, कारण तिथेच वर्षं वाया जातात. पोटात दुखतं म्हणून एंडोस्कोपी केली की ती जठर आतून बघते, पँक्रियाज तिला साध्या स्कोपमधून दिसतच नाही. रिपोर्टवर येतं ‘माइल्ड गॅस्ट्रायटिस’, जे बऱ्याच जणांच्या रिपोर्टवर असतं, आणि फाइल बंद. सोनोग्राफीत गॅस आडवा येतो. रक्तातलं अमायलेज-लायपेज (पँक्रियाजची एन्झाइम) अचानक आलेल्या सुजेत वाढतं, पण जुन्या आजारात ते नॉर्मल येऊ शकतं आणि येतंच. खरं चित्र सीटी स्कॅन, एमआरसीपी (एमआरआयवर नळ्यांचं चित्र) किंवा एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडमध्ये (स्कोपच्या टोकाला सोनोग्राफी) कळतं.

ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते म्हणजे संडास. पँक्रियाजचा रस खूपच कमी झाला की तेल-तूप पचत नाही, मग शौच फिकट, भसाभस, भयंकर वासाची, वर तेलाचा तवंग, आणि फ्लश केलं तरी भांड्याला चिकटून राहणारी. पित्ताने हे होत नाही. याउलट काळीकुट्ट, चिकट, घाण वासाची शौच झाली तर अल्सरमधून रक्त जात असण्याची शक्यता, तेव्हा वाट न बघता हॉस्पिटल (लोहाच्या गोळ्या चालू असतील तरी रंग काळा येतो, ते डॉक्टरांना सांगा).

तवंग दिसायला लागला की एन्झाइमच्या, म्हणजे अन्न पचवणाऱ्या रसाच्या, कॅप्सूल येतात. त्या जेवणासोबत घ्यायच्या असतात, पहिल्या घासाबरोबर, जेवण लांबलं तर मध्ये अजून एक, घरी जाऊन हात धुतल्यावर नाही. लग्नाच्या पंगतीत पर्समधून कॅप्सूल काढली की शेजारची काकू विचारणारच कसली गं गोळी, तयारी ठेवा. या डुकराच्या पँक्रियाजपासून बनतात, ज्यांना ते चालत नसेल त्यांनी डॉक्टरांशी मोकळं बोलावं. गंमत म्हणजे या कॅप्सूलबरोबर पुष्कळदा पँटोप्राझोलही (म्हणजे तीच पॅन) लिहून देतात, कारण जठरातलं अ‍ॅसिड ते एन्झाइम मारून टाकतं. झालं, प्रिस्क्रिप्शनवर पॅन दिसली की घरचे म्हणणार बघ, पित्तच होतं की.

दारूचं बोलायलाच हवं. पँक्रियाज म्हटलं की समोरच्याची नजर बदलते, मी बाई असूनही मला पहिला प्रश्न तोच येतो, थोडा घुटमळत येतो एवढंच. दारू मोठं कारण आहेच, सिगारेटही स्वतंत्रपणे आहे, आणि आजार झाल्यावर दोन्ही पूर्ण बंद, यात तडजोड नाही. पण २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतभरच्या हजारावर पेशंटच्या पाहणीत निम्म्याहून जास्त लोकांच्या आजाराला दारूच काय, कुठलंच ठरावीक कारण सापडलं नव्हतं. केरळात तर डॉ. गीवर्गीज यांनी १९६० च्या दशकातच दारूला न शिवलेल्या तरुण पेशंटमध्ये खड्यांनी भरलेली स्वादुपिंडं नोंदवली होती, पुढे त्यात जीन्सचाही हात निघाला.

उपचारांबद्दल एवढंच सांगते की पित्ताची गोळी आणि पथ्य यापलीकडे बरंच काही आहे. नळीतले मोठे खडे बाहेरून शॉकवेव्ह देऊन फोडतात, हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीत हे काम मोठ्या प्रमाणावर होतं, नळीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी बारीक नळी) टाकतात, आणि २०२० मध्ये आलेल्या नेदरलँड्सच्या एका अभ्यासात तर नळी फुगलेल्या निवडक पेशंटमध्ये आधी एंडोस्कोपीतून उपचार करत बसण्यापेक्षा लवकर ऑपरेशन केलेल्यांना दुखणं कमी राहिलं. म्हणून ऑपरेशन हा शेवटचाच पर्याय असं धरून वर्षं काढू नका, एकदा सर्जनचंही मत घ्या. ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची जोरदार गोळी मात्र जपून. २०१८ पासून ते नार्कोटिक्स कायद्याखाली आहे, केमिस्ट चिठ्ठीशिवाय देत नाही ते बरोबरच आहे, आणि ते जास्त दिवस घेतलं की बद्धकोष्ठ होऊन पोट वेगळंच दुखायला लागतं, मग कुठलं दुखणं कशाचं हेच कळेनासं होतं.

छातीत दाबल्यासारखं, सोबत दरदरून घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, असं असेल तर पित्तही नाही आणि पँक्रियाजही नाही, आधी ईसीजी. डोळे पिवळे, ताप, किंवा उलट्या थांबत नाहीत, तर रात्र असो की पहाट, कॅज्युअल्टी.

बाकी डॉक्टरांकडे जाताना नुसतं ‘पोट दुखतं’ म्हणू नका, तसं म्हटलं की परत पॅन फोर्टीच येते. दुखणं पाठीत जातं का, खाल्ल्यावर किती वेळाने येतं, उताणं झोपू देतं की उठवून बसवतं, पित्ताच्या गोळीने किती फरक पडला, वजन किती उतरलं, घरात कुणाला असं होतं का, हे कागदावर लिहून न्या. आणि संडासचं त्यांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा, तवंगाचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर लाजू नका, दाखवा.