भट्टीप्रयोग

भट्टीप्रयोग : मातीचे मोठे शिल्प लोकांसमोर रचून, जागेवरच भाजून, ते तापून लाल-केशरी झालेले असतानाच संगीताच्या साथीने उघडून दाखविण्याचा प्रयोग. अग्नी, मृत्तिका आणि नाद ही त्याची तीन अंगे. ती समान मानण्याची पद्धत असली तरी प्रयोगाची वेळ माती ठरविते; वादकांना तिच्या मागून जावे लागते. शिल्प हीच भट्टी असते, म्हणजे खाली जळणाचे तोंड, मध्ये पोकळी आणि वर धुराडे अशीच त्याची घडण असते.

उगम : या प्रकाराच्या उगमाविषयी तीन मते आढळतात. पहिले मत त्याचे मूळ जपानी राकू भाजणीत शोधते. सोळाव्या शतकात क्योटो येथे चोजिरो याने चहाविधीसाठी घडविलेल्या वाडग्यांपासून राकू परंपरा सुरू झाली असे सामान्यतः मानतात. हे भांडे तापलेले असतानाच चिमट्याने भट्टीबाहेर काढतात. इंग्रज चित्रकार बर्नार्ड लीच १९११ मध्ये टोकियोत एका मेजवानीला गेला होता. तेथे पाहुण्यांनी रंगविलेली भांडी त्यांच्या डोळ्यांदेखत, तासाभराच्या आत भाजून निघाली. ते पाहून तो कुंभारकामाकडे वळला, हे सर्वश्रुत आहे. पुढे १९६० च्या सुमारास अमेरिकेत पॉल सोल्डनर या मृत्कलावंताने लालभडक भांडे पाल्यापाचोळ्यात धुरविण्याची रीत रूढ केली आणि भाजणीला प्रेक्षक लाभू लागले.

दुसरे मत १९६०-७० च्या दशकांतील भूमिकला (उघड्या जमिनीवरच रचलेली कला) आणि प्रयोगकला (कलावंताची कृती हीच कलाकृती) यांकडे बोट दाखविते. जॉन रोलॉफ या अमेरिकन कलावंताने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून उघड्या रानात भट्टी हेच शिल्प मानून रात्रीच्या भाजण्या केल्या. इराणी वास्तुरचनाकार नादेर खलिली यांनी त्याच सुमारास कच्च्या विटांची घरे आतून जाळ करून भाजण्याचा उद्योग आरंभला. त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन अमेरिकन मृत्कलावंत रे मीकर यांनी १९८० च्या दशकात पुदुच्चेरी परिसरात अख्खी घरे भाजली. भारतात मोठी मृण्मय वास्तू जागेवर भाजण्याचा हा बहुधा सर्वांत ठळक अध्याय होय. डॅनिश शिल्पकार नीना होले (१९४१–२०१६) यांनी १९९० च्या दशकात या साऱ्याला आजचे प्रयोगरूप दिले. मनुष्याहून उंच शिल्प सहकाऱ्यांच्या मदतीने रचायचे, त्याला उष्णतारोधक तंतूंचे जाड आच्छादन गुंडाळायचे, लाकडाने भाजायचे आणि रात्री आच्छादन ओढून काढून तप्त शिल्पावर लाकडाचा भुसा उधळायचा, हा क्रम त्यांचा.

तिसरे मत धार्मिक विधींतील अग्नी आणि घट यांच्याकडे मूळ नेते. ते आकर्षक आहे, परंतु त्यात कालाचा आणि कृतीचा दुवा सापडत नाही. तिन्हींपैकी दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, आणि त्याचे कारण साधे, तांत्रिक आहे. विटांची भट्टी ऐन तापात असताना तिच्या भिंती काढता येत नाहीत. ॲल्युमिना व सिलिका यांच्या तंतूंचे हलके आच्छादन १९७० च्या दशकात भट्ट्यांसाठी सर्रास मिळू लागले, तेव्हाच संपूर्ण शिल्प एका क्षणात उघडे करणे शक्य झाले. राकूत उघडते ते हातभर भांडे. या प्रयोगात भट्टीचे आख्खे बाह्य आवरणच नाहीसे होते.

भाजणीचे तंत्र : रचना व सुकवण यांना एक-दोन आठवडे, भाजणीला सुमारे एक ते दोन दिवस आणि प्रेक्षकांसाठी शेवटचे काही तास, अशी विभागणी बहुधा असते. पहिल्या रात्री केवळ धुरी देतात. भिंतीत उरलेले पाणी १०० अंश सेल्सिअसच्या आसपास वाफ होऊन बाहेर पडते. घाई केली तर वाफेच्या दाबाने भिंतीचे कपचे उडतात. साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांतील रासायनिक बंधातले पाणी निघून जाते आणि तेथून माती पुन्हा भिजून चिखल होत नाही. ५७३ अंशांना मातीतील गारगोटीच्या स्फटिकांची रचना बदलून ते एकदम फुगतात, आणि निवताना त्याच अंशावर तसेच आकसतात. प्रयोगातील खरा धोका हाच. तापताना हा टप्पा हळू ओलांडता येतो. आच्छादन काढल्यावर मात्र बाहेरचा पृष्ठभाग काही मिनिटांत त्याखाली उतरतो आणि आतला गाभा मागे राहतो.

म्हणून माती जाणूनबुजून सच्छिद्र ठेवतात. भाजलेल्या विटांचा किंवा खापरांचा चुरा, भुसा, चिरलेले गवत तिच्यात मळतात. चुऱ्याचे दाणे तडा वाटेत अडवितात, जळून गेलेला भुसा पोकळ्या ठेवून जातो. काचेसारखी घट्ट भाजलेली चिनी माती या कामी निरुपयोगी ठरते. कमी अंशाला भाजलेली, पाणी झिरपणारी खापराची माती उष्णतेचा धक्का अधिक सोसते. राकूच्या भांड्यांनाही हाच नियम लागू पडतो.

तापमान रंगावरून ओळखण्याची रीत अजून चालते. ५२५ अंशांच्या आसपास अंधारात मंद लाली दिसू लागते, ८०० च्या पुढे ती चेरीसारखी होते, हजाराजवळ केशरी आणि ११०० ला पिवळसर. दिवसा यातले फारसे काही दिसत नाही. त्यामुळे उघडण्याचा क्षण रात्रीचाच असतो.

नाद : संगीताची जोड तीन प्रकारे दिली जाते. पहिल्यात वादक भट्टीपासून अंतरावर बसून वाजवितात. जळण टाकले की आधी काळा धूर येतो, मग धुराड्याच्या तोंडातून ज्वाळ वर जाते आणि काही मिनिटांत ती ओसरते. पुन्हा जळण टाकले की पुन्हा तेच. अनुभवी वादक हे आवर्तन पकडतात, मात्र ते समेवर येईलच याचा भरवसा नसतो.

दुसऱ्यात वाद्येच मातीची असतात. दक्षिणेतील घटम् आणि त्यासाठी प्रसिद्ध असलेले तमिळनाडूतील मानामदुरै, गोवा-कोकणातील घुमट, नायजेरियातील इग्बो लोकांचा उडू, चिनी मातीच्या वाडग्यांचे जलतरंग अशी त्यांची मोठी व्याप्ती आहे. भाजणी आणि स्वर यांचा संबंध येथे थेट आहे. नीट भाजलेला घट खणखणतो. कच्चा राहिलेला किंवा तडा गेलेला बद्द वाजतो. बाजारात माठ घेताना गिऱ्हाईक बोटाने टिचकी मारून पाहते, ती याच कारणाने.

तिसरा प्रकार सर्वांत कमी हाताळला गेला आहे. त्यात अग्नीकडूनच स्वर काढतात. उभ्या नळीत, खालच्या टोकापासून सुमारे एक चतुर्थांश उंचीवर तापलेली जाळी ठेवली की वर चढणाऱ्या हवेमुळे नळी मोठ्याने गाऊ लागते, हे डच भौतिकीविद राईके याने १८५९ मध्ये दाखविले. याच कुळातील तत्त्वावर कास्टनर याने १८७० च्या दशकात काचेच्या नळ्यांचे अग्निवाद्य बनविले. मातीच्या नळ्यांनाही ते लागू पडते. याशिवाय निवणाऱ्या भांड्याची झिलई आणि अंगची माती वेगवेगळ्या प्रमाणात आकसल्याने झिलईला बारीक तडे जातात आणि टिंग-टिंग असा आवाज तासन्‌तास येत राहतो. काही कलावंत तो ध्वनिवर्धकावर ऐकवितात. हे जरा ओढूनताणून वाटते.

सातारा-सांगली परिसर : या दोन जिल्ह्यांत कुंभारांचा आवा (भांडी भाजण्याची उघडी भट्टी), वीटभट्ट्या, चर्मवाद्ये आणि तंतुवाद्ये हे प्रयोगाचे सर्व घटक शेजारी-शेजारी नांदतात. कृष्णा-वारणा खोऱ्यातील काळी माती बेसॉल्टपासून झालेली, पाण्याने फुगणारी आणि सुकताना भेगाळणारी आहे. एकटी वापरली तर जाड भिंत सुकतानाच फुटते. कुंभार म्हणूनच तिच्यात नदीकाठचा गाळ, लीद, राख मिसळतात. लोहाचे प्रमाण जास्त असल्याने ती फार उच्च तापमान सोसत नाही. गोवऱ्या, काटक्या व पाचट यांच्या थरांत कच्ची भांडी रचून वरून खापऱ्या आणि राखेने झाकलेला आवा साधारणपणे ७०० ते ९०० अंशांपर्यंत जातो. वर सांगितल्याप्रमाणे अशी कमी भाजलेली, सच्छिद्र माती भट्टीप्रयोगाला उणेपणाची नसून सोयीची आहे. पावसाळ्यात मात्र आवा लावता येत नाही. कराडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ मध्ये सुरू झालेला, 'प्रभाकर' कंदिलासाठी नावाजलेला ओगले काच कारखाना हा या भागातील भट्टीविद्येचा वेगळा धागा. त्याचा विचार स्वतंत्रपणे व्हावा.

देवीच्या गोंधळाचा संबंध येथे वारंवार जोडला जातो. तांदळाचा चौक, त्यावर घट किंवा कलश, पेटती दिवटी, संबळ-तुणतुण्याची साथ आणि 'उदे ग अंबे उदे'चा गजर पाहिल्यावर तो मोह होणे स्वाभाविक आहे. औंधची यमाई, मांढरदेवची काळूबाई यांच्या भक्तघरांत हा कुलाचार परिचित आहे. घरच्यांनीच काकडे पेटवून घालायचा तो काकड्या गोंधळ आणि व्यावसायिक गोंधळ्यांचा तो संबळ्या गोंधळ, असे दोन प्रकार मानतात. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या मानसोल्लासात (सु. ११३०) 'गोंडली' नृत्याचे वर्णन येते. जायसेनापतीच्या नृत्तरत्नावलीत (सु. १२५४) अशी कथा आहे की, भूतमातेच्या उत्सवात भिल्लिणीच्या वेषात नाचणाऱ्या-गाणाऱ्या स्त्रीला पाहून सोमेश्वराने हे नृत्य सिद्ध केले. हे नृत्य आणि आजचा गोंधळ यांचे नाते बरेच अभ्यासक मान्य करतात. मधल्या शतकांतील स्थित्यंतरांबद्दल एकमत नाही. पण गोंधळात माती भाजली जात नाही. घट आधीच पक्का असतो आणि दिवटी देवीची साक्ष म्हणून जळते. त्यामुळे गोंधळ हा भट्टीप्रयोगाचा पूर्वज ठरत नाही.

त्याहून जवळचा नमुना दुर्लक्षित राहिला आहे, तो म्हणजे हलगी शेकणे. कुस्तीच्या मैदानात किंवा जत्रेत हलगी-घुमकं सुरू होण्याआधी वादक बाजूला पाचटाचा, कागदाचा जाळ करतात आणि हलगीचे कातडे त्यावर फिरवितात. दमट हवेत उतरलेले कातडे ओल जाऊन ताणले जाते, स्वर चढतो. मध्येच थाप मारून, कान देऊन, पुन्हा जाळावर धरतात. जास्त शेकले तर कातडे तडकते. येथे अग्नी प्रत्यक्ष स्वर लावतो. फायबरच्या पानाच्या आणि नटबोल्टने ताणायच्या हलग्या आल्यापासून ही शेकोटी कमी दिसते.

भट्टीजवळ वाद्ये ठेवताना हाच गुण अडचणीचा होतो. हलगी आणि संबळ तापून स्वर सोडतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांचे भोपळे कोरड्या उष्णतेत तडकू शकतात. मिरजेतील ही वाद्यनिर्मिती एकोणिसाव्या शतकात शिकलगार घराण्यांनी रुजविली आणि २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. अशी वाद्ये वाऱ्याच्या वरच्या अंगाला, जाळापासून बऱ्याच अंतरावर ठेवणे इष्ट.

दक्षता : आच्छादनाचे सूक्ष्म तंतू फुप्फुसांना अपायकारक असल्याने ते हाताळणाऱ्यांनी मुखवटा वापरावा, एकदा तापलेले आच्छादन अधिक ठिसूळ होते, त्यामुळे काढतानाची धूळ जास्त धोक्याची. सुकलेल्या उसाच्या फडाशेजारी भुसा उधळणे टाळावे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० नंतर उघड्यावर सामान्यतः ध्वनिक्षेपक लावता येत नाही, वाद्येही वाजविता येत नाहीत, आणि जाड भिंतीचे शिल्प पुष्कळदा त्यानंतरच उघडण्याजोगे होते. त्यामुळे भाजणी पहाटे लवकर सुरू करणे किंवा उघडण्याच्या वेळी वाद्ये न वाजविणे, असे दोन मार्ग उरतात.