ऑक्सिडीकारक ताण आणि यकृताच्या कर्करोगाची सुरुवात

पेशीत तयार होणारे ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू आणि त्यांना निष्प्रभ करणारी यंत्रणा यांच्यातला तोल ढळून रेणूंचे पारडे जड झाले, की त्या अवस्थेला ऑक्सिडीकारक ताण म्हणतात. यकृतपेशींत ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका विपुल असतात, शिवाय मद्य व औषधांचे विघटनही तिथेच होते. त्यामुळे सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड हे रेणू तिथे सतत निर्माण होतात. ग्लुटाथायोन हा संरक्षक रेणू आणि कॅटालेजसारखी विकरे एरवी त्यांना पुरून उरतात. हिपॅटायटिस बी वा सी विषाणूंचा दीर्घकालीन संसर्ग, मद्यपान किंवा यकृतात साठलेली चरबी यांमुळे मात्र हा तोल बिघडतो. हिमोक्रोमॅटोसिस या आनुवंशिक रोगात साठलेले लोह हायड्रोजन पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल मूलक हा अत्यंत क्रियाशील कण घडवते, आणि ते तर वाटेत येईल त्या रेणूवर आघात करते.

डीएनएच्या चार मूळ घटकांपैकी (ग्वानिन, सायटोसिन, ॲडेनिन, थायमिन) ग्वानिनचे ऑक्सिडीभवन होऊन ८-ऑक्सोग्वानिन बनते. प्रतिकृतीच्या वेळी त्याची जोडी सायटोसिनऐवजी ॲडेनिनशी जुळू शकते आणि पुढच्या पिढीत ग्वानिनच्या जागी थायमिन येते. ओजीजी१ हे विकर असा बिघडलेला घटक काढून टाकते, पण त्यासाठी वेळ मिळावा लागतो. खरी मेख इथेच आहे. निरोगी यकृतपेशी क्वचितच विभागतात. सततच्या दाहाने शेजारच्या पेशी मरू लागल्या, की उरलेल्यांना त्यांची जागा भरण्यासाठी वारंवार विभागावे लागते, आणि दुरुस्तीआधीच नक्कल झालेली चूक कायमची उत्परिवर्तन म्हणून उरते. त्याच वेळी दाहपेशी नवे ऑक्सिडीकारक रेणू सोडत राहतात, यकृतातील तारकापेशी कोलॅजन हे व्रणतंतूंचे प्रथिन तयार करतात आणि बऱ्याच वर्षांनी सिरॉसिस होतो, म्हणजे यकृत व्रणतंतूंनी भरून त्यात गाठी बनतात. त्यांपैकी काही गाठींतल्या पेशी विकृत दिसू लागतात. पेशीला विभागत राहण्याची क्षमता देणाऱ्या टर्ट जनुकाच्या प्रवर्तक भागातील (जनुक चालू करणाऱ्या भागातील) उत्परिवर्तन काही वेळा याच टप्प्यावर आढळते.

एनआरएफ२ या प्रथिनाची भूमिका विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ते संरक्षक जनुके चालू करून निरोगी पेशीला वाचवते, परंतु उत्परिवर्तनामुळे ते कायम सक्रिय राहिले तर तोच आश्रय कर्कपेशीला मिळतो. ऑक्सिडीभवनरोधक गोळ्या घेऊन हा कर्करोग टळतो असे सिद्ध झालेले नाही, याचे हे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. ताणाचे मूळ कारण दूर करण्याचा लाभ मात्र स्पष्ट दिसतो: तैवानमध्ये १९८४ साली नवजात बालकांना हिपॅटायटिस बीची लस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि त्यानंतर तेथील मुलांमधील यकृतकर्करोगाचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले.