पौंड-डॉलर: सपाट रेषेत दडलेले धक्के

पौंड आणि डॉलर यांच्या विनिमय दराचा आलेख पाहिला, की डावा भाग पट्टीने ओढल्यासारखा दिसतो. १८७९ ते १९१४ या पस्तीस वर्षांत एका पौंडाला ४.८७ डॉलरच्या आसपासचा दर, जेमतेम दोन-तीन सेंट इकडे-तिकडे. उजव्या भागात तीच रेषा करवतीसारखी होते. १९८५ च्या फेब्रुवारीत सुमारे १.०५, २००७ च्या नोव्हेंबरात २.१० च्या वर, २०२२ च्या सप्टेंबरात पुन्हा १.०४ च्या आसपास. तेव्हाचे दिवस स्थिर होते आणि आताचे अस्थिर, असे कोणीही सहज म्हणून जाईल. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो.

मुळात ४.८७ हा आकडा बाजाराने ठरवलेलाच नव्हता. तो एका भागाकाराचे उत्तर होता. १७१७ मध्ये लंडनच्या टांकसाळीचा प्रमुख होता आयझॅक न्यूटन, तोच गुरुत्वाकर्षणाचा. त्याच्या अहवालानंतर गिनी या सोन्याच्या नाण्याची किंमत २१ शिलिंग (पौंडात २० शिलिंग) ठरली आणि ब्रिटनमधला सोन्याचा भाव जवळपास दोन शतकांसाठी पक्का झाला. त्या हिशेबाने एका पौंडात ११३.००१६ ग्रेन, म्हणजे सुमारे ७.३२ ग्रॅम शुद्ध सोने येई. १८३७ च्या अमेरिकी कायद्याने डॉलरचे सोने २३.२२ ग्रेन ठरवले. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा: ४.८६६६.

पण टांकसाळीचा हिशेब बाजार का पाळी? समजा, न्यूयॉर्कमध्ये पौंड ४.९५ ला गेला. लंडनला पैसे पाठवायचे असलेला व्यापारी एवढे डॉलर मोजणारच नाही. तो डॉलर देऊन सोने घेईल, बोटीने लंडनला पाठवील आणि तिथे त्याचे पौंड करील. त्याला जास्तीचा खर्च येईल तो जहाजभाडे, विमा आणि प्रवासाच्या दिवसांचे व्याज एवढाच. या खर्चाच्या मर्यादांना सुवर्णबिंदू म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दर साधारण ४.८४ ते ४.८९ या पट्ट्यात राहिला तो त्यामुळे. म्हणजे रेषेची जाडी हा खरे तर अटलांटिक ओलांडण्याचा खर्च होता!

त्याआधीचे आकडे वाचताना मात्र फार जपावे लागते. अठराव्या शतकात चांदीचा स्पॅनिश डॉलर ४ शिलिंग ६ पेन्सचा, म्हणजे ५४ पेन्सचा मानत. पौंडात २४० पेन्स, म्हणून पौंड ४.४४ डॉलरचा. पुढे १८३४ मध्ये अमेरिकेने डॉलरमधले सोने घटवले, तरी व्यापाऱ्यांनी जुना पाया सोडला नाही. ते हुंडणावळ, म्हणजे विनिमयाचा दर, ४.४४ ला १०० धरून शेकड्याने सांगत राहिले. त्यामुळे त्या काळच्या नोंदीत दर '१०९½' दिसला, तर पौंड साडेनऊ टक्क्यांनी महागला असे वाटते. प्रत्यक्षात तो बरोबर सोन्याच्या भावाला होता. ही पद्धत कायद्याने १ जानेवारी १८७४ पासून बंद झाली.

दुसरी गोम हुंडीची, म्हणजे ठरल्या मुदतीनंतर पैसे देण्याच्या लेखी आदेशाची. तेव्हाचे दर बहुधा साठ दिवसांच्या मुदतीच्या हुंडीचे असत. तिचे पैसे लंडनमध्ये दोन महिन्यांनी मिळणार, म्हणून तेवढे व्याज किमतीतून आधीच वजा होई. व्याज ४ टक्के धरले तर साठ दिवसांत सुमारे ०.६६ टक्के, म्हणजे पौंडामागे तीन सेंटांहून जास्त. सुवर्णबिंदूपर्यंतचे अंतरही साधारण एवढेच! जुन्या हुंडीचा दर आणि तारेने तत्काळ मिळणाऱ्या पौंडाचा दर एकाच रकान्यात लिहिले, तर बाजारात न झालेली घसरण आपल्या तक्त्यात दिसू लागते. १८६६ मध्ये अटलांटिकखालची तार टिकाऊपणे सुरू झाली. तिच्यावरूनच चलन बाजारात पौंड-डॉलर दराला आजही 'केबल' म्हणतात.

आता स्थिरतेकडे वळू. पहिल्या महायुद्धाने सोन्याची ये-जा थांबवली आणि १९२० च्या फेब्रुवारीत पौंड सुमारे ३.२० पर्यंत उतरला. ब्रिटनचे अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी एप्रिल १९२५ मध्ये पुन्हा जुना ४.८६ चा दर आणला. तो सुमारे दहा टक्क्यांनी चढा आहे, असे अर्थशास्त्रज्ञ केन्स यांचे म्हणणे होते. रेषा परत सपाट झाली, पण ब्रिटनचा कोळसा परदेशात महाग पडू लागला, खाणमालकांनी मजुरी कमी करायची ठरवली आणि मे १९२६ मध्ये देशभर सार्वत्रिक संप झाला. आलेखावर या संपाची खूणसुद्धा नाही. धक्का नाहीसा झालाच नव्हता. तो दराऐवजी मजुरांनी सोसला. २१ सप्टेंबर १९३१ ला ब्रिटनने पौंडाची सोन्याशी घातलेली सांगड सोडली आणि डिसेंबरात पौंड ३.५० च्या खाली होता.

पुढच्या सपाट पायऱ्याही अशाच, सरकारांनी धरून ठेवलेल्या. दुसऱ्या महायुद्धात ४.०३, सप्टेंबर १९४९ च्या अवमूल्यनानंतर २.८०, नोव्हेंबर १९६७ नंतर २.४०. जून १९७२ मध्ये पौंड तरता झाला, म्हणजे त्याचा दर बाजारावर सोडला गेला.

मग या सगळ्या काळाला लावता येईल असे एखादे माप आहे का? दोन्ही देशांतली महागाई हिशेबात घेऊन काढलेला वास्तविक विनिमय दर त्याच्या बराच जवळ जातो. लोथियन आणि टेलर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये दोनशे वर्षांचे आकडे तपासले. वास्तविक दर सरासरीपासून ढळला तरी हळूहळू परत येतो, असे त्यांना दिसले. पौंड-डॉलरच्या बाबतीत हे ढळणे निम्मे व्हायलाच सुमारे सहा वर्षे लागतात. त्याहून जवळच्या काळातला दर मात्र आधी सांगता येत नाही. मीझ आणि रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये विनिमय दराच्या त्या वेळच्या नामांकित प्रारूपांना (गणिती मॉडेलांना) वर्षभरापर्यंतचा अंदाज करायला लावला. 'पुढचा दर आजच्याइतकाच असेल' एवढ्या साध्या अंदाजापुढे त्यांतले एकही सरस ठरले नाही.